भांग आठ

१

टेबलावर चौदा वस्तू होत्या. प्रणालीने त्या दोनदा मोजल्या. केबली सहा, हेडफोन दोन, मिक्सर एक, माइक तीन, चहाचा कप एक आणि डासांच्या अगरबत्तीची तबकडी एक. पंधरावी वस्तू नव्हती. तिच्या जागी धूळ नसलेला एक काळाभोर चौकोन उरला होता. प्रणालीने पर्समधून पट्टी काढून तोही मोजला. अकरा सेंटिमीटर बाय आठ.

"एवढीच होती का गं डिस्क?"

"एवढीच," कल्पिता म्हणाली. "आणि माझी दोन वर्षं तिच्यात होती."

रेवदंड्याच्या बंदराजवळ बर्फाचं एक जुनं गोदाम आहे. बर्फ वितळू नये म्हणून बांधलेल्या त्याच्या हातभर जाडीच्या भिंती आवाजही आत येऊ देत नाहीत, म्हणून कल्पिताने तिथे स्टुडिओ थाटला होता. तिचा 'ओढ' नावाचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा संग्रह रविवारी, पाडव्याच्या सकाळी प्रकाशित होणार होता. एक मूळ रचना आणि तिचे तिघांनी केलेले तीन रिमिक्स. पुण्याची 'परिघ' ही छोटी संगीतसंस्था तो काढणार होती आणि त्याच दिवशी तिथल्या एका तारांगणाच्या घुमटाखाली मूळ रचना वाजणार होती.

प्रणाली ही कल्पिताची शाळेपासूनची मैत्रीण. नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली, अलिबागच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणारी. कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय तिला झोप लागत नसे.

"मूळ आवाज कसा केलास ते नीट सांग. मला काहीच कळत नाही असं समज."

कल्पिता तिला बाहेर जुन्या धक्क्यावर घेऊन गेली. धक्क्याच्या खांबाला चार इंची लोखंडी नळी उभी बांधलेली होती. खालचं तोंड पाण्यात, वरचं वाऱ्यात. वाऱ्याची झुळूक आली की नळी घुमायची, इतक्या खालच्या सुरात की तो कानापेक्षा छातीला आधी कळावा.

"रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारतो ना, तसं," कल्पिता म्हणाली. "भरती चढली की नळीतली हवा आखूड होते, सूर चढतो. ओहोटी लागली की उतरतो. म्हणजे हे वाद्य चंद्र वाजवतो. मी फक्त तेरा तास माइक लावून बसले आणि ते तेरा तास चार मिनिटांत दाबले. खालचा घुमारा शिट्टीसारखा होऊन चढतो आणि उतरतो. तिघांना मी ती चार मिनिटं दिली होती. तेरा तासांची अस्सल फाईल फक्त डिस्कवर होती."

"नाव काय फाईलचं?"

"भांग आठ. बाबांच्या पद्धतीने ठेवलं."

प्रणालीने नाव वहीत लिहिलं. नळीला वरच्या बाजूला निळ्या नायलॉनच्या सुताची एक गाठ मारलेली दिसत होती. तीही लिहिली.

तेवढ्यात कल्पिताचा फोन वाजला. परिघच्या नूतन मॅडमचा मेल होता. कल्पिताने तो वाचला आणि फोन प्रणालीच्या हातात दिला.

२

'राहू' या टोपणनावाने कुणीतरी परिघला पत्र पाठवलं होतं, सोबत तेरा तासांची अख्खी फाईल.

"महाशिवरात्रीला मी दिघीच्या धक्क्यावर होतो. पहाटे साडेपाच ते संध्याकाळी साडेसहा, सलग. भांगेच्या धुंदीत समुद्र जसा ऐकू येतो तसा तो पकडला, म्हणून मूळ फाईलचं नाव 'भांग ८'. आठ म्हणजे माझा आठवा प्रयत्न. कल्पिताने माझ्याकडून हा आवाज ऐकायला म्हणून घेतला आणि स्वतःचा म्हणून खपवला. तिच्याकडे मूळ फाईल असेल तर तिने दाखवावी."

खाली नूतन मॅडमची दोन वाक्यं होती. शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत पुरावा द्या. नाहीतर रचनेवर 'मूळ: राहू' आणि पुढे कंसात 'कल्पिता रिमिक्स' असं छापावं लागेल.

"माझ्याच गाण्याचा रिमिक्स मी करायचा," कल्पिता म्हणाली. तिचा आवाज नळीच्या ओहोटीइतका खाली गेला होता.

"आज गुरुवार," प्रणाली म्हणाली. "डिस्क शेवटची कधी पाहिलीस?"

"मंगळवारी सकाळी. त्या दिवशी तिघेही आले होते, आपापला रिमिक्स द्यायला. हर्षद, अल्पेश, रितेश. एकामागून एक. मी प्रत्येकाला चहा आणायला बाहेर गेले."

"प्रत्येकाला?"

"पाहुण्याला चहा विचारायचा नाही का मग?"

प्रणालीने वहीत लिहिलं, 'चहा: तीन वेळा', आणि खाली रेघ मारली. मग नूतन मॅडमला मेल केला की राहूने पाठवलेली फाईल कृपया मलाही पाठवावी. आणि राहूच्या पत्राबद्दल कुणालाच काही बोलायचं नाही, असं कल्पिताकडून वदवून घेतलं.

"तिघांना मी एकच प्रश्न विचारणार आहे," ती म्हणाली. "शब्दाला शब्द तोच."

३

हर्षद न्हावा शेव्याजवळचा. घरची मिठागरं बंदरात गेली, आता घरचे चार ट्रेलर कंटेनर ओढतात आणि हा दिवसा त्यांचा हिशेब सांभाळून संध्याकाळी संगीत करतो. तो फोनवर सापडला. मागे हॉर्नचा कल्लोळ होता.

"डिस्क गेली? काय बोलतेस ताई. बॅकअप पण नाय?"

"नाही. त्या डिस्कवर 'भांग' नावाची फाईल होती. तुम्हाला माहीत होती?"

"नाय बा. पण भांगाचं रेकॉर्डिंग केलं तिने? कशाला? पाणीच चढत न्हाय तेव्हा. माझा आजा भांगाला मिठागरात घोरत पडायचा, खाडीचं पाणी आत घ्यायला उधाणच लागतं. उधाणाला लाव ना माइक, फुल धमाका. सांग तिला माझ्या नावाने."

प्रणालीने ते तसंच्या तसं उतरवून घेतलं.

अल्पेशचं दुकान बाजारात होतं. बोटींच्या बॅटऱ्या, जीपीएस, वायरलेस सेट. वडील गुजरातीत गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होते आणि अल्पेश मागच्या खोलीत एका मासे शोधायच्या यंत्रातून तबल्यासारखा आवाज काढत बसला होता.

"मी घेतली असती तर परत पण दिली असती," तो म्हणाला. "धंद्यात इज्जत जाते, बेन."

प्रणालीने प्रश्न विचारला.

"भांग? नाही बुवा, फाईलचं नाव मला नव्हतं माहीत. भांगाचे दिवस मात्र माझ्या तोंडपाठ." त्याने भिंतीवरच्या दुकानाच्या कॅलेंडरकडे बोट केलं. तारखांखाली बारीक अक्षरात 'उधाण' आणि 'भांग' छापलेलं होतं. "पाण्याला ओढ नाही, डोल जाळ्यात मासळी नाही, सगळ्या बोटी किनाऱ्याला. मग रिपेरिंगला रांग. भांग म्हणजे आमची दिवाळी."

रितेश राहायचा रोह्याच्या आतल्या अंगाला, भातशेतीच्या गावात, आणि कारखान्यात पाळीवर जायचा. तिघांत त्याचाच रिमिक्स सर्वांत चांगला होता, हे कल्पितानेही कबूल केलं होतं. शुक्रवारी सकाळी पाळी सुटल्यावर कारखान्याबाहेरच्या टपरीवर तो भेटला. चहाचे पैसे त्याने देऊ दिले नाहीत.

"वाईट झालं मॅडम. पोरीने मेहनत घेतली होती."

"त्या डिस्कवर 'भांग' नावाची फाईल होती. तुम्हाला माहीत होती?"

"नाही हो. भांगेची फाईल वगैरे मला कुठून माहीत असणार." तो हसला. "पण कल्पिता दिसते तेवढी साधी नाही म्हणायची."

"तुमचा रिमिक्स छान झालाय म्हणे."

"असेल. उपयोग काय?" हसू ओसरलं. "सहा वर्षं मी लोकांच्या गाण्यांचे रिमिक्स करतोय. नाव कायम कंसात. कंस म्हणजे कुंपण असतं मॅडम, बाहेरचा माणूस आत डोकावत नाही. माझ्या आईला मी पहिलं कव्हर दाखवलं, तर ती म्हणाली, तुझं नाव असं कोंडलंय का?"

प्रणालीला त्याचं क्षणभर वाईट वाटलं. मग परतीच्या गाडीत तिने वही उघडली, तिघांची उत्तरं एकाखाली एक वाचली आणि तिसऱ्या उत्तराशी तिचं बोट थांबलं.

४

संध्याकाळी कल्पिताचे वडील, भागोजी, ओट्यावर बसून जाळं सांधत होते. मांडीवर निळ्या सुताचं रीळ होतं.

"काका, एक विचारू? भांगेची भरती म्हणतात का कधी?"

भागोजींनी सुई थांबवली. "भांगेची? भांग पितात ती. ती भांग. हा आमचा तो भांग, बाईमाणसाच्या डोक्यावर असतो तसा. भांगाची भरती. तुला साळंत शिकवलं न्हाय?"

"शिकवलं. नववीच्या भूगोलात. सर्वांत कमी चढ-उताराची भरती. मी परीक्षा झाल्यावर विसरले, आणि आणखी एकजणही विसरलाय."

कल्पिता आतून आली. प्रणालीने वहीचं पान तिच्यापुढे धरलं.

"बघ. हर्षद म्हणतो, भांगाचं रेकॉर्डिंग. अल्पेश म्हणतो, भांगाचे दिवस. काना. रितेश म्हणतो, भांगेची फाईल. मात्रा. आणि राहूच्या पत्रात काय आहे? भांगेच्या धुंदीत. तीच मात्रा. त्याने तुझ्या डिस्कवर 'भांग' वाचलं आणि त्याला शिवरात्रीची भांग आठवली. म्हणून त्याने तारीख शिवरात्रीची दिली."

"शिवरात्र?" भागोजी हसायला लागले. "आरं, शिवरात्र म्हंजे अवसेची आदली तिथी. तेव्हा दांडगं उधाण असतंय. भांग कुठला?"

"तेच मोजायचंय," प्रणाली म्हणाली.

नूतन मॅडमने फाईल पाठवली होती. लॅपटॉपवर तिने तेरा तासांच्या आवाजाचा आलेख काढला. सूर आधी थोडा चढत होता, मग सहा तास उतरत होता, मग पुन्हा चढत होता. सर्वांत वरचा सूर सेकंदाला चौतीस कंपनांचा, सर्वांत खालचा तेवीसचा. नळी म्हणजे एका बाजूने पाण्याने बंद केलेली बासरी. कंपनं कळली की आतल्या हवेची लांबी भागाकाराने निघते.

"भरती-ओहोटीत पाण्याचा फरक एक मीटर बावीस सेंटिमीटर," तिने वाचलं. "शिवरात्रीला तो किती असतो काका?"

"दोन पुरुष न्हाय, पण दीड तरी व्हय."

"म्हणजे दीड माणूस उंची, अडीच मीटरच्या वर. आणि दुसरं. राहू म्हणतो, साडेपाचला सुरू केलं. ती वेळ फाईलवरच असणार, त्याने नुसती तारीख बदलली. भरतीचा सर्वांत वरचा सूर सुरुवातीपासून अर्ध्या तासाने आहे. म्हणजे भरती सहाला."

"आठाचे पाऊणपट सहा," भागोजी पटकन म्हणाले. "अष्टमी. तिथीचे पाऊणपट केले का भरतीचा टाईम निघतो. चतुर्दशीचे साडेधा. शिवरात्रीला साडेधाच्या सुमारास भरायचं."

कल्पिता म्हणाली, "आठ म्हणजे तिथी. माघ वद्य अष्टमी. त्याचा आठवा प्रयत्न नव्हे."

प्रणालीने तिथल्या तिथे नूतन मॅडमला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"हुशार आहेस," नूतन मॅडम म्हणाल्या. "राहू खोटं बोलतोय हे पटलं. पण राहू खोटा म्हणून कल्पिता खरी, असं नाही ना होत? ही नळी तिचीच, तो दिवस तोच, हे कुठे दिसतंय? उद्या सातपर्यंत वेळ आहे."

फोन बंद झाला. भागोजींनी दाताने सूत तोडलं.

"त्या दिवसाचं पाणी पाहिजे का तुला?" ते म्हणाले. "ते मी बांधून ठेवलंय."

५

कल्पिता माइक लावून बसली होती त्या दिवशी भागोजी होडी घेऊन धक्क्यापाशीच होते. सवयीप्रमाणे भरती थांबली तेव्हा त्यांनी पाण्याच्या रेषेवर नळीला निळ्या सुताची गाठ मारली, ओहोटी थांबली तेव्हा दुसरी. होडी कुठवर टेकते ते कळावं म्हणून ते हे नेहमी करत; पोरीला सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. वरची गाठ प्रणालीने पहिल्याच दिवशी पाहिली होती. खालची भांगाच्या ओहोटीची, रोज ती उघडी पडेलच असं नाही. पण शनिवारी अमावास्या होती. उधाणाची ओहोटी तिच्याही खाली जाणार होती, संध्याकाळी सहाच्या सुमारास.

शुक्रवारी रात्री झोपण्याआधी प्रणालीने नूतन मॅडमला एक ओळ पाठवली. 'नळीच्या वरच्या टोकापासून दोन गाठी सापडतील: पहिली २.५१ मीटरवर, दुसरी ३.७३ मीटरवर. मी अजून एकही मोजलेली नाही.'

शनिवारी पाच वाजता धक्क्यावर सगळे जमले. प्रकाशनाआधीची चहापार्टी म्हणून कल्पिताने तिघांना बोलावलं होतं. अल्पेशने बोटीची बॅटरी आणि मोठा स्पीकर आणला. हर्षद उरणहून मोटारसायकलवर आला, रितेश रोह्याहून. नूतन मॅडम कल्पिताच्या फोनच्या पडद्यावर होत्या. फोन भागोजींच्या मासळीच्या टोपलीला टेकवून ठेवला होता. पलीकडे सुकत घातलेल्या मांदेली माशांवरून कावळे हाकणाऱ्या शेजारच्या येसूबाईही हातातली काठी घेऊन येऊन उभ्या राहिल्या.

प्रणालीने राहूचं पत्र वाचून दाखवलं. मग तिघांची उत्तरं. मग काना आणि मात्रा.

हर्षद आधी हसला. "शिवरात्रीला भांग? आजा असता तर त्याने खाडीत ढकलला असता त्याला." मग त्याची नजर रितेशकडे गेली.

रितेशच्या चेहऱ्यावर मात्र घाम नव्हता. "एका मात्रेवरून चोर ठरवता मॅडम? आमच्याकडे डोंगरात समुद्र नाही. चुकलो असेन बोलायला. हा काय पुरावा झाला?"

"नाही," प्रणाली म्हणाली. "पुरावा अजून पाण्याखाली आहे. अर्धा तास थांबा."

पाणी उतरत होतं. वरची गाठ केव्हाच उघडी होती. अल्पेशने टेपचं टोक नळीच्या तोंडाशी धरलं, हर्षद पायऱ्या उतरला.

"दोन मीटर चोपन्न," त्याने वाचलं.

"तीन सेंटिमीटरचा फरक," नूतन मॅडम पडद्यातून म्हणाल्या.

"योगायोग," रितेश म्हणाला. "एक गाठ कुठेही असू शकते."

"म्हणून तर दोन आहेत," प्रणाली म्हणाली.

सहाला दहा कमी असताना नळीवरचं शेवाळ दिसू लागलं. मग कालवं. मग काहीच नाही. कल्पिताने बापाकडे पाहिलं. भागोजी पाण्याकडे पाहत होते, घाई नसलेल्या माणसासारखे. पाणी आणखी वीतभर उतरलं, आणि कालवांच्या खालून निळ्या सुताचं टोक बाहेर आलं, हिरवट, पण गाठ शाबूत.

"माझीच," भागोजी म्हणाले. "दुहेरी फास. असा गावात दुसरा कोण मारीत न्हाय."

हर्षद गुडघाभर चिखलात उतरला. टेप ताणली. त्याने आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि टेप तशीच धरून फोनच्या कॅमेऱ्यापुढे आणली. नूतन मॅडम पुढे वाकल्या. आदल्या रात्रीचा मेल त्यांनी शेजारी उघडून ठेवला होता.

रितेशने तोही आकडा वाचला. मग तो मोटारसायकलपाशी गेला, डिकी उघडली आणि रुमालात गुंडाळलेली डिस्क आणून कल्पिताच्या हातात ठेवली.

"कंसाबाहेर यायचं होतं," तो म्हणाला. "एवढंच."

कल्पिताने रुमाल सोडला. डिस्क दोन्ही हातांनी छातीशी धरली. सगळे ती काय बोलते याची वाट पाहत होते, येसूबाई तर काठी उगारूनच.

"तुझा रिमिक्स खरंच चांगला आहे," ती म्हणाली. "राहू दे तो. कंसात."

हर्षदला 'राहू दे' कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो चिखलात बसकण मारून हसला. नूतन मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "मूळ रचना: कल्पिता. त्याच्या खाली, वादन: चंद्र. चालेल?"

"आणि गाठी: भागोजी," कल्पिता म्हणाली.

अल्पेशने स्पीकर लावला. तेरा तासांची ती चार मिनिटं धक्क्यावर सुरू झाली. एक बारीक सूर आधी जरा चढला, थबकला आणि सावकाश उतरू लागला. पलीकडच्या होडीवरच्या माणसांनी माना वळवल्या. येसूबाईंनी काठी खाली ठेवली. सूर अगदी तळाला गेला तेव्हा समोर खाडीही तळाला होती; आणि तो वर फिरला तेव्हा भागोजींनी पाण्याकडे बोट केलं, तेही फिरलं होतं. कल्पिता रडत होती आणि हसत होती, आणि बाप तिच्या डोक्यावर सुताने निळा झालेला हात ठेवून उभा होता.

प्रणालीने पायरीवर बसून वही उघडली.

खालची गाठ. गणिताने: ३.७३ मीटर. टेपने: ३.७५ मीटर.